देवनागरी संदेशाचे कूटलेखन आणि संभाव्यता : स्प्रेडशीटवर शिकवण्याची क्रमवार पद्धत

नववी-दहावीच्या वर्गात स्प्रेडशीटवर गुप्त संदेश तयार करण्याचा, म्हणजेच प्रत्येक अक्षर क्रमाने ठरावीक जागा पुढे सरकवून संदेशाचे कूटलेखन करण्याचा, उपक्रम अनेक शिक्षक घेतात आणि तो बहुधा एकाच ठिकाणी अडतो. इंग्रजी अक्षरांसाठी तयार असलेले सूत्र मराठी संदेशाला लावले जाते, निकाल चुकतो, आणि मग वर्ग पुन्हा इंग्रजी शब्दांकडे वळतो. दुसरी अडचण संभाव्यतेच्या भागात येते. अक्षरांची वारंवारता मोजली जाते, परंतु भागाकार कशाने करायचा हे ठरलेले नसते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे : ‘एक निष्पत्ती’ म्हणजे नेमके काय, हे मोजणी सुरू करण्याआधी निश्चित केलेले नसते. दहावीच्या गणित भाग १ मध्ये विद्यार्थी नमुना अवकाश, म्हणजे शक्य असलेल्या सर्व निष्पत्तींचा संच, लिहायला शिकतातच. तीच सवय येथे पहिल्या तासिकेपासून लावावी, म्हणजे पुढचे सर्व टप्पे सरळ जातात.

या लेखात फलनांची आणि सेलची नावे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष शीटमध्ये मात्र ती रोमन अक्षरांत टंकायची आहेत आणि आकडेही इंग्रजी कळफलकावरचेच वापरायचे आहेत. देवनागरी आकडा टंकल्यास तो संख्या न मानता मजकूर मानला जाण्याची शक्यता असते आणि मग सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकते.

पूर्वतयारी

वर्गात जाण्याआधी शिक्षकाने तीन गोष्टी स्वतः करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट सॉफ्टवेअरची. एक्सेल २०१३ किंवा त्यानंतरची आवृत्ती, लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स यांपैकी काहीही चालेल, कारण या सर्वांत ‘युनिकोड’ आणि ‘युनिकॅर’ ही दोन फलने उपलब्ध आहेत. पहिले फलन चिन्हाचा संकेतांक (युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत त्या चिन्हाला दिलेली संख्या) देते, दुसरे संकेतांकावरून चिन्ह देते. पुष्कळ ठिकाणी यांच्याऐवजी ‘कोड’ हे जुने फलन वापरलेले दिसते. विंडोजवरील एक्सेलमध्ये कोणतेही देवनागरी अक्षर दिले तरी ते ६३ हा प्रश्नचिन्हाचा संकेतांक परत करते. सर्व अक्षरांना ६३ येत असेल तर चूक विद्यार्थ्याची नाही, फलन बदलावे.

दुसरी गोष्ट मजकुराची. शाळांमधील जुन्या प्रश्नपत्रिका आणि सूचना श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकलेल्या असतात. तो मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व इतर चिन्हे असतात. म्हणून संदेशातील ‘क’चा संकेतांक काढून पाहावा. तो २३२५ आला पाहिजे. वेगळी संख्या आल्यास तो मजकूर बाजूला ठेवून युनिकोड कळफलकाने नव्याने टंकावा.

तिसरी गोष्ट म्हणजे कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक जोडीमागे दोन पट्ट्या कापाव्यात आणि दोन्हींवर व्यंजने समान अंतरावर लिहावीत, म्हणजे एक पट्टी दुसरीवर सरकवता येते. हा भाग वेळ वाचवण्यासाठी गाळू नये. ज्या विद्यार्थ्याने ‘ह’च्या पुढे सरकताना पट्टी पुन्हा ‘क’वर आणलेली असते, त्याला पुढे ‘बाकी’ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

टप्पा १ : एकक ठरवणे

फळ्यावर ‘सकाळी मैदानावर’ हा संदेश लिहावा आणि यात किती अक्षरे आहेत असे विचारावे. बहुतेक विद्यार्थी आठ म्हणतील : स, का, ळी, मै, दा, ना, व, र. आता हाच संदेश शीटमध्ये टंकून ‘लेन’ या फलनाने त्याची लांबी काढावी. उत्तर १४ येते, कारण संगणक व्यंजन आणि त्यावरची मात्रा ही दोन स्वतंत्र चिन्हे मानतो आणि शब्दांमधील मोकळी जागाही मोजतो. आठ व्यंजने, पाच मात्रा आणि एक मोकळी जागा, असे हे १४ आहेत.

येथे वर्गाने निर्णय घ्यायचा आहे. आपण फक्त व्यंजने सरकवू. स्वर, मात्रा, अनुस्वार, हलन्त चिन्ह आणि मोकळी जागा जशीच्या तशी ठेवू. युनिकोडमध्ये ‘क’ ते ‘ह’ हा पट्टा २३२५ पासून २३६१ पर्यंत सलग आहे, म्हणजे त्यात ३७ जागा आहेत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ धरून व्यंजने ३४ असतात. उरलेल्या तीन जागा ऩ, ऱ आणि ऴ यांच्या आहेत. ‘ऱ’ आपण ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ अशा शब्दांत लिहितोच, बाकीची दोन अक्षरे मराठीत सहसा येत नाहीत. तरीही पट्टा ३७ चाच ठेवावा. मधल्या जागा वगळायला गेल्यास सूत्र विनाकारण गुंतागुंतीचे होते.

प्रत्येक व्यंजनाला ० ते ३६ असा क्रमांक द्यावा : क ला ०, ख ला १, असे करत ह ला ३६. हाच आपला नमुना अवकाश आहे.

सावधान : युनिकोडमधील क्रम आणि पाठ केलेल्या वर्णमालेचा क्रम एक नाही. वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ‘ल’ला लागून येतो. कागदाच्या पट्ट्या पाठ केलेल्या क्रमाने लिहिल्या आणि शीट युनिकोडच्या क्रमाने चालली, तर दोन उत्तरे कधीच जुळणार नाहीत. पट्टीवर शेवटच्या ओळीचा क्रम असा असावा : य, र, ऱ, ल, ळ, ऴ, व, श, ष, स, ह. तसेच ‘न’ आणि ‘प’ यांच्यामध्ये ‘ऩ’ लिहायला विसरू नये.

टप्पा २ : हाताने एक शब्द

किल्ली, म्हणजे किती जागा पुढे सरकायचे ती संख्या, ५ घ्यावी. ‘सकाळी’ या शब्दात स चा क्रमांक ३५, क चा ० आणि ळ चा ३० आहे. प्रत्येकात ५ मिळवल्यास ४०, ५ आणि ३५ येतात. ४० ला ३७ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणजे ‘घ’. पाच म्हणजे ‘च’ आणि पस्तीस म्हणजे ‘स’. मात्रा तशाच ठेवल्यावर ‘सकाळी’चे ‘घचासी’ होते. पूर्ण संदेश ‘घचासी ळैफाभाकव’ असा येतो.

उलट दिशेने किल्ली वजा करताना ‘घ’साठी ३ वजा ५, म्हणजे उणे २ येते. येथे विद्यार्थी हमखास २ लिहितात. पट्टीवर मागे सरकून ३५ ही जागा दाखवावी आणि उणे २ मध्ये ३७ मिळवल्यावर तीच संख्या येते हे वहीत लिहून घ्यावे. स्प्रेडशीटमधील ‘मॉड’ फलन ऋण संख्येलाही धन बाकीच देते, म्हणून शीटमध्ये ही चूक दिसत नाही. हाताने केलेल्या उदाहरणातच ती दिसते आणि तेथेच ती सुधारता येते.

टप्पा ३ : शीटची मांडणी

आता संगणकाकडे वळावे. बी१ मध्ये संदेश, बी२ मध्ये किल्ली आणि बी३ मध्ये लांबी ठेवावी. पाचवी ओळ शीर्षकांची. सहाव्या ओळीपासून पुढीलप्रमाणे सूत्रे लिहावीत.

१. ए कॉलममध्ये १, २, ३ असे क्रमांक, बी३ मधील लांबीइतकेच.

२. बी६ मध्ये = मिड($बी$१, ए६, १). यामुळे प्रत्येक चिन्ह वेगळ्या सेलमध्ये येते.

३. सी६ मध्ये = युनिकोड(बी६).

४. डी६ मध्ये = इफ(अँड(सी६>=२३२५, सी६<=२३६१), सी६-२३२५, ""). व्यंजन असेल तर क्रमांक, नसेल तर रिकामे.

५. ई६ मध्ये = इफ(डी६="", "", मॉड(डी६+$बी$२, ३७)).

६. एफ६ मध्ये = इफ(ई६="", बी६, युनिकॅर(ई६+२३२५)).

७. जी६ मध्ये = एफ६, आणि जी७ मध्ये = जी६&एफ७. जी७ पासून खाली ओढल्यावर शेवटच्या ओळीत पूर्ण कूटसंदेश मिळतो.

सहावी ओळ पूर्ण भरून तिचे उत्तर हाताने काढलेल्या उत्तराशी जुळल्याशिवाय सूत्रे खाली ओढू देऊ नयेत. घाई येथेच होते.

पडताळणी : बी कॉलममध्ये सुटी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसते. ते बरोबर आहे, काही बिघडलेले नाही. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसत असली, तरी शीटमध्ये ती व्यंजनाच्या खालच्या ओळीत येईल. हेही बरोबर आहे.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे ई६ मध्ये $ चिन्ह (सूत्र खाली ओढले तरी सेलचा पत्ता कायम ठेवणारे) विसरणे. तिची खूण ठरलेली असते. वरील संदेशात पहिले अक्षर ‘घ’ बरोबर येते. दुसऱ्या ओळीत सूत्र बी३ कडे सरकते आणि तेथील १४ ही लांबीच किल्ली म्हणून घेते, त्यामुळे ‘क’चा ‘च’ न होता ‘ण’ होतो. ‘ळ’पाशी सूत्र बी५ मधील शीर्षकावर पोहोचते आणि त्रुटी दाखवते. शिक्षकाने ही चूक एकदा मुद्दाम करून दाखवावी आणि ‘१४ कोठून आले?’ असे विचारावे. विद्यार्थी स्वतः शोधतात तेव्हा ती चूक पुन्हा क्वचितच होते.

इतर चुका थोडक्यात. ए कॉलममधील क्रमांक लांबीपेक्षा पुढे गेल्यास ‘मिड’ रिकामा मजकूर देते आणि ‘युनिकोड’ त्रुटी दाखवते. जी६ मध्येच जोडणीचे सूत्र घातल्यास शीर्षकही संदेशाला चिकटते. संकेतस्थळावरून उतरवलेल्या मजकुरात ८२०४ आणि ८२०५ या संकेतांकांची अदृश्य जोडचिन्हे असू शकतात. त्यामुळे लांबी अपेक्षेपेक्षा जास्त दिसते, पण कूटलेखनाला बाधा येत नाही. काही कळफलक ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहितात, तेथे दोन ओळी दिसतील.

जोडाक्षरांबद्दल मुलांना आधीच सांगून ठेवावे. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त चिन्ह आणि ष. ‘ज्ञ’ म्हणजे ज, हलन्त चिन्ह आणि ञ. सरकवल्यानंतर अनोळखी जोडाक्षरे तयार होतात, आणि ‘र’नंतर हलन्त चिन्ह आल्यास रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. दिसण्यावर विश्वास न ठेवता डी आणि ई कॉलममधील क्रमांक वाचावेत.

टप्पा ४ : किल्ली ओळखण्याची संभाव्यता

किल्ली ० घेतल्यास संदेश बदलतच नाही, म्हणून उपयोगाच्या किल्ल्या ३६. एका अंदाजात किल्ली बरोबर येण्याची संभाव्यता १/३६. येथवर सर्वजण पोहोचतात आणि ‘म्हणजे संदेश सुरक्षित आहे’ असा चुकीचा निष्कर्ष काढून थांबतात. तो निष्कर्ष वर्गातच तपासावा. प्रत्येकाला आपला हजेरी क्रमांक किल्ली म्हणून द्यावा आणि एकच कूटसंदेश, बेरजेच्या जागी वजाबाकी करून, सर्वांना उकलायला लावावा. काही मिनिटांत कोणाच्या तरी पडद्यावर अर्थपूर्ण वाक्य उमटते. वर्गात ३६ पेक्षा कमी विद्यार्थी असतील तर काहींना दोन किल्ल्या द्याव्यात.

याच ठिकाणी एक सूक्ष्म फरक स्पष्ट करावा. वापरलेली किल्ली पुन्हा न वापरता एकेक तपासत गेल्यास सरासरी १८.५ प्रयत्न लागतात. प्रत्येक वेळी ३६ पैकी कोणतीही किल्ली यादृच्छिक निवडली आणि आधीच्या किल्ल्या लक्षात ठेवल्या नाहीत, तर सरासरी ३६ प्रयत्न लागतात. दोन्ही आकडे विद्यार्थ्यांना सूत्राने सिद्ध करता आले नाहीत तरी ‘रँडबिटवीन’ (दिलेल्या दोन संख्यांमधील यादृच्छिक संख्या देणारे फलन) वापरून शंभरेक वेळा प्रयोग केल्यावर दिसतात.

नंतर एक दोन अक्षरी शब्द द्यावा. ‘घर’ या शब्दात घ ३ आणि र २७, अंतर २४. किल्ली २ ने त्याचे ‘चल’ होते. वेगवेगळ्या किल्ल्यांनी याच शब्दातून गय, छळ, तग, बट, रण आणि वन हेही शब्द निघतात, कारण या सर्वांत दोन व्यंजनांमधील अंतर ३७ च्या हिशेबात २४ च आहे. कूटसंदेश पकडणाऱ्याला मूळ शब्द या आठांपैकी एक आहे एवढेच कळते. आठही शब्द समसंभाव्य मानले तर प्रत्येकाची संभाव्यता १/८. संदेश लांबत जातो तसे अर्थपूर्ण पर्याय झपाट्याने कमी होतात आणि वाक्याला सहसा एकच उरतो. हे उदाहरण मला या संपूर्ण पाठातील सर्वांत मोलाचे वाटते, कारण ‘किल्ल्या किती’ आणि ‘अर्थपूर्ण निष्पत्ती किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यातून कोणत्याही व्याख्येशिवाय समजते.

सावधान : दोन अक्षरी शब्दाचे सर्व ३६ निकाल न तपासता पडद्यावर टाकू नयेत. त्यांत वर्गात न शोभणारा शब्द निघू शकतो, आणि वरील उदाहरणातही तसा एक आहे. निवडलेले आठ शब्द फळ्यावर लिहून त्यांच्या किल्ल्या शोधायला सांगाव्यात.

टप्पा ५ : वारंवारता मोजणे

यासाठी मजकूर मोठा हवा. ‘सकाळी मैदानावर’मध्ये आठही व्यंजने वेगवेगळी आहेत, त्यामुळे प्रत्येकाची वारंवारता १ येते आणि काहीच कळत नाही. पाठ्यपुस्तकातील सलग दोन-तीन उतारे घेऊन किमान हजार व्यंजने होतील असे पाहावे.

आय६ पासून ० ते ३६ हे क्रमांक लिहावेत. जे कॉलममध्ये ‘काउंटइफ’ने डी कॉलममध्ये तो क्रमांक किती वेळा आला हे मोजावे. के कॉलममध्ये सापेक्ष वारंवारता काढावी. ‘काउंटइफ’मध्ये दिलेल्या डी कॉलमच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना $ लावावे.

भाजक कोणता, हा येथील कळीचा प्रश्न. ‘काउंट’ फलन फक्त संख्या मोजते, म्हणून तेच वापरावे. ‘काउंटए’ वापरल्यास सूत्राने रिकामे ठेवलेले सेलही मोजले जातात. आपल्या छोट्या संदेशावर हे तपासून पाहावे : बरोबर भाजक ८, चुकीचा १४. चुकीचा भाजक घेतल्यास सर्व सापेक्ष वारंवारतांची बेरीज १ न येता सुमारे ०.५७ येते.

पडताळणी : के कॉलमची बेरीज १ आल्याशिवाय आलेख काढू देऊ नये.

कोणते व्यंजन सर्वाधिक येते हे शिक्षकाने आधी सांगू नये. वेगवेगळ्या गटांना कविता, विज्ञान आणि इतिहास यांचे उतारे देऊन निकाल शेजारी ठेवावेत. ‘ङ’ जवळजवळ आढळणार नाही, कारण मराठीत आपण त्याच्या जागी अनुस्वार देतो. ‘ञ’ मात्र विज्ञानाच्या उताऱ्यात डोके वर काढतो, आणि तो कोठून आला हे शोधायला लावावे. उत्तर ‘ज्ञ’मध्ये आहे.

आता कूटसंदेशाची वारंवारता ई कॉलमवरून मोजावी. दोन स्तंभालेख एकाखाली एक ठेवल्यावर दुसरा म्हणजे पहिलाच उजवीकडे सरकलेला आहे हे दिसते. सरकण्याचे अंतर म्हणजे किल्ली.

टप्पा ६ : दोन व्यंजने सारखी निघण्याची संभाव्यता

मजकुरातून यादृच्छिकपणे दोन व्यंजने उचलली तर ती सारखी असण्याची संभाव्यता किती? आधी लहान उदाहरण घ्यावे. ‘काका कामाला’ यात व्यंजने पाच : क तीन वेळा, म आणि ल एकेकदा. पहिली निवड ५ प्रकारे आणि दुसरी ४ प्रकारे, एकूण २०. दोन्ही वेळा क येण्याचे प्रकार ३ गुणिले २, म्हणजे ६. उत्तर ६/२०, म्हणजे ०.३. शीटमध्ये यासाठी एल कॉलममध्ये = जे६*(जे६-१) लिहून त्याची बेरीज करावी आणि एकूण व्यंजनसंख्या गुणिले तिच्याहून एकने कमी संख्या, यांच्या गुणाकाराने भागावे. दुसऱ्या निवडीतही ५ च पर्याय धरणे ही नेहमीची चूक. उचललेले व्यंजन परत ठेवले जात नाही, हे आठवून द्यावे.

मोठ्या उताऱ्याची ही संख्या मूळ संदेशासाठी आणि कूटसंदेशासाठी काढावी. दोन्ही तंतोतंत समान येतात. किल्लीने अक्षरांची नावे बदलली, त्यांची संभाव्यता बदलली नाही, आणि म्हणूनच असे कूटलेखन फुटते.

टप्पा ७ : प्रत्येक अक्षराला वेगळी किल्ली

एच कॉलममध्ये = रँडबिटवीन(०, ३६) लिहून ई६ मध्ये $बी$२ च्या जागी एच६ वापरावे.

सावधान : हे फलन शीटमध्ये कोठेही काही टंकले की नवे आकडे देते. किल्ल्या तयार होताच एच कॉलम कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून केवळ मूल्ये चिकटवावीत. हे न केल्यास संदेश पाठवणाऱ्यालाही तो पुन्हा उकलता येत नाही. शिवाय हे यादृच्छिक आकडे वर्गातील प्रयोगापुरते आहेत. खऱ्या गोपनीय कामासाठी ते वापरू नयेत, हे स्पष्ट सांगावे.

काही विद्यार्थी १ ते ३६ घेतात, कारण ० ने अक्षर बदलत नाही. तसे केल्यास कोणतेही अक्षर स्वतःसारखे कधीच येणार नाही आणि पकडणाऱ्याला प्रत्येक जागेवरचा एक पर्याय आपोआप वगळता येईल. दुसऱ्या महायुद्धातील एनिग्मा या जर्मन कूटलेखन यंत्रात नेमका हाच दोष होता आणि ब्रिटनमधील ब्लेचली पार्क येथील विश्लेषकांनी त्याचा उपयोग केला. शून्याची संभाव्यताही १/३७ च असली पाहिजे.

टप्पा ६ मधील संख्या आता पुन्हा काढावी. ती १/३७, म्हणजे सुमारे ०.०२७ च्या जवळ येते. वारंवारतेचा आलेख मात्र पूर्ण सपाट होत नाही आणि येथे ‘सूत्र चुकले’ म्हणून विद्यार्थी ते बदलू लागतात. ३७० व्यंजने असतील तर प्रत्येक क्रमांक सरासरी १० वेळा अपेक्षित असतो, पण ४ ते १६ पर्यंतचा फरक अगदी सामान्य आहे. ३७०० व्यंजनांत अपेक्षा १०० ची आणि सामान्य फरक साधारण ८० ते १२० पर्यंतचा. चढउतार आकड्यांत वाढतो, पण अपेक्षेच्या तुलनेत कमी होतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवून हे वाक्य विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे.

शेवटी एकाच किल्ल्यांच्या यादीने दोन संदेश लिहून त्यांचे ई कॉलम परस्परांतून वजा करावेत आणि ३७ ने भागून बाकी घ्यावी. दोन्ही संदेशांतील व्यंजने समोरासमोर येतील अशी मांडणी असेल, तर किल्ल्या पूर्णपणे नाहीशा होतात आणि मूळ दोन संदेशांमधील फरक उरतो. किल्ल्यांची यादी एकदाच का वापरायची, याचे उत्तर मग त्या कॉलममध्येच वाचता येते.